टिकल्या चिकटवायच्या आधी

आमच्या देवळा गावच्या बायका मला विचारून विचारून दमल्या, का गं अर्चना, तिथं काय असतं, माणसं मारायला शिकवतात का, एवढं लेकरू घेऊन कशाला गेलतीस. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा म्हटलं लिहूनच टाकते. मला लिहायची सवय नाय. नववीपर्यंत शाळा झाली आन् मंग लग्न. जसं बोलते तसंच लिहिते, वाचताना दम लागला तर मधी पाणी प्या.

मी होमगार्डमधी हाय. गणपतीत, जत्रंत, निवडणुकीत बंदोबस्ताला उभी राहते. आमचे निकम सर जुने फौजी. त्यांनी आम्हा चौघींना रविवारी एका रिकाम्या कांदाचाळीत हवेचं पिस्तूल शिकवलं. आत गॅसची बारकी नळी बसते आन् छर्रा उडतो. लायसन लागत नाय, पण डोळ्यात गेला तर डोळा गेलाच समजा.

खरं सांगू का, आरू झाली तेव्हापासून मला भ्या लय वाटतं. दार वाजलं तरी छातीत धडधड, कुत्रं भुंकलं तरी धडधड, लेकरू झोपलं असलं तर श्वास घेतंय का म्हणून दहादा नाकाला बोट लावायचं. पण पिस्तूल हातात धरून समोरच्या पुठ्ठ्याकडं बघितलं की श्वास एका जागी बसतो. आठवड्यातून तेवढाच एक तास. म्हणून सर म्हणाले नाशिकला तीन दिवसांची मॅच हाय, येतेस का, तर मी विचार न करताच हो म्हटलं आन् मंग घरी जाऊन रडले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपातले दाणे निवडता निवडता म्हणाल्या, "लेकरू अंगावर पितं, मंग मलाबी यावंच लागंल. येते मी. पण तिथून हाकलून दिलं ना, तर परत त्या पिस्तुलाचं नाव काढायचं नाय या घरात. कबूल?"

आरूचे पप्पा खाली बघत बसले. मी म्हटलं कबूल.

शुक्रवार

एसटीत आत्यांनी शेजारच्या बाईला बसल्या बसल्या सांगितलं, "आमची सून पिस्तूल चालवाया चालली." त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आन् ती उठून पुढच्या सीटवर गेली. पिस्तुलं तर निकम सर पेटीत घालून आदल्या दिवशीच घेऊन गेलते, माझ्या पिशवीत आरूचे लंगोट आन् भाकरी. पण बरंच झालं, लेकरू झोपवायला जागा झाली.

चांदवडचे डोंगर गेले की जमीन मऊ होत जाते. आमच्याकडं कांदा, कांदा आन् कांदा, इकडं द्राक्षाचे मांडव लागले. छाटणी होऊन महिना-दीड महिना झालेला, घडातले मणी मुगाएवढे. नाशिक ओलांडून म्हसरूळच्या पुढं एका बागंत उतरलो. मॅच द्राक्षाच्या पॅकहाऊसमधी होती. माल निघायला अजून दोन-तीन महिने, तोवर शेड रिकामी. मी लग्नाआधी तीन सीझन पिंपळगावला असल्याच शेडीत काम केलेलं, द्राक्षाच्या डब्यांवर स्टिकर चिकटवायचं. आत पाऊल टाकलं आन् तोच वास आला, पुठ्ठ्याचा आन् गंधकाचा, आन् थोडं बरं वाटलं.

आता तिथं काय असतं ते ऐका. एका जागी उभं राहून नेम धरायचा, तसलं नाय ते. प्लास्टिकचे कॅरेट एकावर एक रचून भिंती केलेल्या, खिडक्या केलेल्या, एक दार केलेलं. त्याच्यामागं तपकिरी पुठ्ठ्याची माणसं उभी. माणसं म्हणजे नाक-डोळे नाय, नुसता आकार, मधी रेघांचा चौकोन, तिथं लागलं तर जास्त मार्क. मधीमधी पांढऱ्या पुठ्ठ्याची माणसं, ती गरीब, त्यांना लागू द्यायचं नाय, लागलं तर मार्क कापतात. लोखंडाच्या थाळ्या असतात, त्या छर्रा लागून पडल्या पाहिजेत. एक घड्याळ पीप करतं आन् तुम्ही पळायचं, वाकायचं, खिडकीतून मारायचं, परत पळायचं. किती वेळ लागला आन् छर्रे कुठं लागले, दोन्ही धरून मार्क.

आत्या बघून आमच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय शे? हे काय हाय? लपाछपी?"

पण नियम लय कडक. पळताना बोट चापावर नको. पिस्तुलाचं तोंड कायम समोर, मागं कोणाकडं वळलं तर खेळ तिथंच संपला. रिकामं पिस्तूलसुद्धा एका ठरलेल्या टेबलावरच काढायचं. चुकलं की ताबडतोब बाद. बाद म्हणजे तीन दिवसांसाठी बाद.

माझ्या गटात आम्ही आठ जण. पंच देशमाने सर, उंच, चष्मा, बोलणं हळू. पहिल्यांदा पट्टा बांधायचा तर पट्टा माझ्या कंबरेला ढिला, पळाले की पिस्तुलाचं म्यान गुडघ्यावर. आत्यांनी बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून बघितलं, पिशवीतून आरूच्या झोळीची दोरी काढली आन् देशमाने सरांना म्हणाल्या, "साहेब, जरा थांबा." सर खरंच थांबले. आत्यांनी सगळ्यांसमोर माझ्या कंबरेला दोरी आवळली, गाठ मारली, म्हणाल्या, "आता पळ." गटातल्या माणसांनी तोंड फिरवून हसू दाबलं, पण कोणी वंगाळ बोललं नाय.

पहिल्या दिवशीच एकाला बाद होताना बघितलं. सिन्नरचे सांगळे भाऊ, एमआयडीसीत कामाला, धिप्पाड माणूस, आमच्या गटात सगळ्यात तयार. दारातून पळत निघाले आन् देशमाने सर एकदम ओरडले, "स्टॉप!" बोट चापावर होतं. भाऊंनी पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं, म्यानात ठेवलं. वाद नाय, आवाज नाय. सरांशी हात मिळवला, म्हणाले, "बरोबर आहे सर." म्हटलं एवढा मोठा माणूस असा गेला, मंग माझं काय.

मला वाटलं भाऊ आता पिशवी उचलून घरी जाणार. आमच्याकडं कबड्डीत बाद दिलं तर गडी पंचाच्या घरापर्यंत जातो भांडत. भाऊंनी खिशातून टिकल्यांचा रोल काढला आन् पुठ्ठ्याकडं गेले.

टिकल्यांचं सांगायचं राहिलं. एकाचं मारून झालं की पुठ्ठ्याला भोकं पडलेली असतात. ती गोल तपकिरी स्टिकरनी बुजवायची, मंग दुसऱ्याची पाळी. ते काम कोणी नोकर करत नाय, गटातले सगळेच करतात. डॉक्टर असो, बागाईतदार असो, गुडघ्यावर बसून दुसऱ्याची भोकं बुजवायची, पडलेल्या थाळ्या उभ्या करायच्या, जमिनीवरचे छर्रे झाडायचे. माझी भोकं एका पांढऱ्या मिशीवाल्या माणसानं वाकून बुजवली तेव्हा मला कसंतरीच झालं, म्हटलं द्या मी करते. ते म्हणाले, "तुम्ही दम खा ताई." आमच्या घरी गडीमाणूस आपलं जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाय.

शनिवार

आमच्याच गटातल्या वैशालीताईंची ओळख आदल्या दिवशीच जेवताना झाली होती. एकलहऱ्याच्या कॉलनीत राहतात, थर्मलच्या वीजकेंद्रात क्लार्क. चाळिशीच्या असतील. त्यांनी आत्यांना जय भीम केला, आत्या म्हणाल्या रामराम, आन् दोघींनी डबे उघडले. त्यांची वांग्याची भाजी, आमचा ठेचा. ताईंनी ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी, म्हणाल्या, "मावशी, हा तर बाद करायला पाहिजे." आत्यांना लय आवडलं ते.

ताई सहा वर्षांपासून ह्या मॅचमधी येतात आन् दरवेळी बायकांत दुसऱ्या. पहिली येते ती नाशिक रोडचीच एक पोरगी, दुसऱ्या गटात होती. ताई सगळ्यांना हसून सांगत होत्या, "या वेळी नाही सोडत." हसत होत्या, पण पाळी यायच्या आधी कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून हात हलवत होत्या, खिडकी कुठं, दार कुठं, पाठ करत.

दुपारी त्यांची पाळी आली. पीप वाजलं आन् ताई अशा निघाल्या की मी आरूला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दोन खिडकीतून, वाकून दोन, दार, थाळ्या टणटण पडल्या, शेवटच्या चार पुठ्ठ्यांना पळतापळता. आवाज थांबला. मंग सांगळे भाऊ म्हणाले, "आयला."

मी आरूला आत्यांकडं दिलं आन् रोल घेऊन धावले. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू, माझीच पाळी झाल्यासारखा. देशमाने सर अजून पहिल्या खिडकीपाशी भोकं मोजत होते, ताई त्यांच्यासोबत. मी पार टोकाला गेले, शेवटच्या चार पुठ्ठ्यांकडं. पॅकहाऊसमधी मी एका तासाला किती डबे करायची ते मला तरी कुठं माहिती, पण हात डोक्याच्या आधी चालतो. चट चट चट चट. आठही भोकं बंद. एकदम साफ.

मागं वळले तर सर आले.

"हे कोणी चिकटवलं?"

आवाज मोठा नाय. रोल तिघांच्या हातात होते. माझ्या, मिशीवाल्या काकांच्या आन् सांगळे भाऊंच्या. मला तेव्हा कळलं की काहीतरी लय वाईट झालंय, पण काय ते कळंना. दोरीपलीकडं आत्या. त्यांनी सगळं बघितलेलं. त्यांनी मान हलवली, इतकीशी, आन् ओठांनीच म्हणाल्या, गप ऱ्हाय.

भाऊंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मंग म्हणाले, "माझ्याकडूनच झालं असेल सर. लिहा माझ्या नावावर. माझं आता काय जायचंय."

बायांनो, मी गप्प राहिले. खोटं कशाला सांगू. सर टॅबवर लिहायला लागले तोवर मी गप्पच होते. डोळ्यापुढं ते सुपातले दाणे आन् कबूल म्हटलेलं. पण भाऊंचं नाव लिहिताना सर म्हणाले, "सांगळे, तुम्ही तरी?" आन् त्या माणसानं मान खाली घातली, माझ्यासाठी, आन् मला ते बघवंना.

"मी लावले," मी म्हटलं. "चारी पुठ्ठ्यांना मीच लावले, भाऊंनी नाय, मला वाटलं झालं मोजून, मला माहिती हाय कुठं कुठं भोकं होती, सगळी मधल्या चौकोनात, एकच जरा बाजूला, ते पण रेघेला चिकटून, देवाशप्पथ सर, मी सांगते ना—"

"श्वास घ्या," सर म्हणाले. मंग म्हणाले, "तुमचं खरंच असेल. पण इथे कोणाच्या सांगण्यावर मार्क नसतात ताई. माझ्याही नाही. मी भोक बघून मार्क सांगतो, ज्याची पाळी तो स्वतः बघतो आणि 'मान्य' म्हणतो. त्यानंतरच टिकली. बघायच्या आधीच बुजवलं तर आम्ही मोजायचं काय?"

"मंग आता?"

"आता वैशालीताईंना पुन्हा करावं लागेल. पहिलं सगळं रद्द."

मी ताईंकडं बघितलं. त्या बुजवलेल्या पुठ्ठ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "अर्चना, मला ती भोकं बघायची होती गं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

सरांनी मला बाद केलं नाय. ताकीद लिहिली. पुन्हा असं केलं तर मार्क कापणार. ताईंनी पाणी पिलं, परत उभ्या राहिल्या. पीप. पण ते एकदा झालेलं परत कसं होणार. एक थाळी लागूनही पडलीच नाय, तिच्यासाठी त्यांना मागं यावं लागलं, सगळा वेळ तिथं गेला. संपल्यावर त्यांनी एकेक भोक वाकून बघितलं, मान्य, मान्य, मान्य, आन् माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता लाव. तुझा हात साफ आहे." मी लावायला गेले तर टिकली तिरकी बसली.

संध्याकाळी बागेमागच्या मजुरांच्या खोलीत आम्ही उतरलो होतो. आत्या भाकरी थापत होत्या. मी म्हटलं आता बोलतील, आता बोलतील.

"हाकललं का?"

"नाय आत्या. ताकीद दिली."

"ताकीद म्हंजी?"

"पहिल्या चुकीला सोडलं."

आत्यांनी भाकरी उलटली. "मी गप ऱ्हाय म्हणलं व्हतं."

"हो."

"त्या सिन्नरवाल्यानं बी झाकलं व्हतं."

"हो आत्या."

आत्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली. ती पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, गरम, मधी तूप.

रविवार

शेवटचा दिवस, शेवटचा खेळ, आन् माझा नंबर सगळ्यात शेवटी. आरूला पाजलं, ढेकर काढली, दोरीची गाठ तीनदा बघितली. निकम सर दुसऱ्या गटातून मुद्दाम आले, म्हणाले, "पळू नको. चाल. बोट बाहेर, तोंड समोर, बस."

देशमाने सरांनी इंग्लिशमधी हुकूम दिले, ते मला पाठ हायत, अर्थ निकम सरांनी सांगितलेला. पीप.

मी चालले. लोक पळतात, मी चालले. खिडकी, दोन. दुसरा पुठ्ठा, दोन. बोट बाहेर, बोट बाहेर, असं मी तोंडानं मोठ्यानं म्हणत होते, मला नंतर सांगितलं सगळ्यांनी. दारापाशी आले तर एक तपकिरी माणूस पांढऱ्याच्या मागं, नुसता खांदा दिसतोय. श्वास घेतला. दोन. पुढं थाळ्या. पहिली पडली. दुसरी पडली. तिसरी हलली आन् तशीच उभी. परत मारलं, पडली. पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं, म्यानात घातलं. सर म्हणाले, "रेंज इज क्लिअर."

बाद नाय. झालं. मी बाद नाय. मी खाली बसले.

सर मार्क सांगायला लागले. मी मागं मागं, सर काय म्हणतील त्याला मान्य, मान्य, मला घरी जायची घाई. दारापाशी त्या खांद्याच्या पुठ्ठ्याजवळ वैशालीताई रोल घेऊन उभ्या. सर म्हणाले, "एक बरोबर. दुसरा पांढऱ्याला लागलाय, दंड."

"मान्य," मी म्हटलं.

ताईंनी टिकली काढलेली, बोटावर धरलेली. पण लावली नाय. म्हणाल्या, "बघितलंस का?"

"सर म्हणतात ना ताई."

"सर म्हणतात ते ऐकलंस. बघितलंस का?"

मी पुढं गेले, वाकले, पार नाक लावलं पुठ्ठ्याला. भोक पांढऱ्याच्या अगदी काठाशी. पांढऱ्याच्या बाहेर. मला तरी बाहेर दिसलं. माझ्या तोंडून लय बारीक आवाज निघाला. आजवर मी सासऱ्यांना, दिरांना, सरांना, कोणालाच असं म्हटलेलं नव्हतं.

"मान्य नाय, सर."

मला वाटलं आता मात्र हाकलतात. सरांनी चष्मा वर केला, खिशातून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढली, तिच्यावर छर्‍याएवढं गोल काढलेलं. म्हणाले, "या, दोघं मिळून बघू." गोल भोकावर बसवलं. मिशीवाले काका वाकले, सांगळे भाऊ वाकले, ताई वाकल्या, आत्या दोरीखालून आत आल्या आन् कोणी त्यांना अडवलं नाय. गोलाची कड पांढऱ्याला टेकलेली. केसाएवढी, पण टेकलेली.

"दिसलं?" सर म्हणाले.

"दिसलं. आता मान्य."

कोणी हसलं नाय. सरांनी दंड लिहिला. ताईंनी टिकली लावली, अंगठ्यानं दाबली.

बारा बायकांत मी नववी. वैशालीताई पुन्हा दुसऱ्या. ती एक थाळी पडली असती तर पहिल्या, हे सगळ्यांना माहिती होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी मधीच धरलं, म्हणाल्या, "पाया नको पडू. सराव कर." आन् आत्यांकडून ठेच्याची बरणीच मागून घेतली.

देवळ्याला पोहोचलो तर आरूचे पप्पा स्टँडवर उभे. पिशवी घेतली, लेकरू घेतलं. माझ्याकडं बघायची हिंमत नाय, आईला विचारलं, "काय झालं गं? हाकललं का?"

"हाकलतील कशाला?" आत्या म्हणाल्या. "नववी आली. आन् साहेबाला तोंडावर म्हणली, मान्य नाय."

"बाप रे! मंग?"

"मंग काय. साहेबानं मोजून दाखवलं. साहेबाचंच खरं निघालं."

आरूचे पप्पा हसायला लागले. आत्या मात्र हसल्या नाय. पुढं चालता चालता म्हणाल्या, "पुढच्या टायमाला गोधडी जाड घ्या. तिथली फरशी लय गार हाय."